शेवटच्या पानावरची ओळ

मागच्या महिन्यात एक जुना विद्यार्थी नांदेडला घरी आला. लातूर जिल्ह्यातल्या ज्या शाळेत माझी निम्मी नोकरी गेली, तिथला. आठवी-नववीत निबंध चांगला लिहायचा. आता तालुक्याचा वार्ताहर आहे. पाया पडला, चहा झाला, मग पिशवीतून कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. मला यंदा पंच्याहत्तर पूर्ण होतात. त्यानिमित्त पुरवणी काढायची असा बेत होता. अर्ध्या पानाला एक दर, पूर्ण पानाला दुसरा, रंगीत हवे असेल तर तिसरा. सोबत लेखही तयार.

मी विचारले, "हा लेख कुणाच्या नावाने येणार?"

"माझ्याच नावानं की सर."

"आणि पैसे देऊन छापलाय, ही जाहिरात आहे, हे कुठे लिहिणार?"

तो हसला. "तसं लिवल्यावर कोण वाचंल सर?"

लेख वाचला. मी त्यात शिक्षणमहर्षी होतो, दीपस्तंभ होतो, आणखी बरेच काही होतो. वर्गात मी मुलांना सांगत असे की विशेषण वापरायचे तर त्याचा पुरावा पुढच्या वाक्यात द्या. ते त्याच्या लक्षात राहिलेले दिसले नाही. तेही एक वेळ सोडून देऊ. पण तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते की शेतमजुरी करणाऱ्या मुलींसाठी रात्रीचा वर्ग मी सुरू केला. वाचकहो, तो वर्ग मी सुरू केला नव्हता. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी केला आणि कंदील लावून पाच वर्षे चालवला. मी त्यात फार तर चार-सहा वेळा गणित शिकवले असेल. त्या बाई आता हयात नाहीत. म्हणजे पैसे भरून मी एका मेलेल्या बाईचे काम स्वतःच्या नावावर लावून घेणार होतो, आणि तेही बातमी म्हणून.

मी कागद परत दिला. तेव्हा कळले की मुलांनी आणि पुतण्याने मिळून आठ हजार रुपये आधीच देऊन ठेवले होते. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. धक्का बसला. त्या दिवसापासून घरात थोडे तणातणीचे वातावरण आहे. थोरली सूनबाई म्हणाली, "बाबा, सगळेच छापतात. तुमच्यानंतर नातवंडांना दाखवायला काहीतरी राहील." ही मंडळी हे लिखाण वाचतात, म्हणून उत्तर इथेच सविस्तर देतो.

आधी त्या मुलाविषयी. त्याच्यावर माझा राग नाही. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो, असलाच तर मानधन म्हणून जे मिळते त्यात महिन्याचे पेट्रोलही निघत नाही. त्याचे घर चालते जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, साहेबांचा वाढदिवस, दादांची निवड, पतसंस्थेचा वर्धापनदिन. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध बातमी कशी लिहिणार? तो मला म्हणाला, "सर, बातमी लिवून पोट भरत नाही, नाही लिवलं तर भरतंय." इतके खरे वाक्य मी बऱ्याच दिवसांत कुठल्या अग्रलेखात वाचलेले नाही. माझा राग आहे तो ही व्यवस्था लावून देणाऱ्यांवर. वसुलीचा कारकून आणि बातमीदार ही दोन कामे एकाच माणसाला द्यायची, पगार दोन्हींचा द्यायचा नाही, आणि ६ जानेवारीला, म्हणजे १८३२ मध्ये ज्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले त्या दिवशी, त्याच माणसाला गुलाबाचे फूल देऊन लोकशाहीचा चौथा स्तंभ म्हणायचे.

कुणी म्हणेल, मास्तर, पंच्याहत्तरीच्या पुरवणीवरून एवढे आकांडतांडव कशाला? म्हणून आमच्याच नांदेड जिल्ह्यातली मोठी गोष्ट सांगतो.

१३ ऑक्टोबर २००९ ला विधानसभेचे मतदान झाले. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण आमच्या भोकर मतदारसंघातून उभे होते. मतदानाच्या आधीच्या दिवसांत मोठमोठ्या मराठी दैनिकांत त्यांच्या कारकिर्दीचे गोडवे गाणारी पानेच्या पाने येत होती. 'अशोकपर्व' हे त्यांतले गाजलेले नाव. मतदानानंतर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त हा विषय लावून धरला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन दैनिकांत एकच लेख शब्दशः सारखा छापून आला होता. आता सांगा, माझ्या वर्गात तीन मुलांच्या वहीत एकच निबंध सापडला असता तर मी काय समजलो असतो? आणि उमेदवाराने निवडणूक खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसाठी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये.

पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांच्यासह काही जणांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. चव्हाणांनी आरोप नाकारला. आयोगाला असे प्रकरण तपासण्याचा अधिकार आहे की नाही, यावरच खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०१४ मध्ये न्यायालयाने 'आहे' म्हणून सांगितले. जुलै २०१४ मध्ये आयोगाने हिशेब कायद्याप्रमाणे दिला नाही असा निष्कर्ष काढून नोटीस दिली. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने उमेदवारावर काही उरले नाही, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवे आणि मी सांगतो. माझा प्रश्न उमेदवाराला नाहीच. माझा प्रश्न वर्तमानपत्रांना आहे. तो लेख तुमच्या कचेरीत कुणी लिहिला? दुसऱ्याच्या कचेरीत तोच कसा पोचला? पाच वर्षे सगळी न्यायालये 'पैसे कुणी दिले' हे शोधत राहिली. 'लिहिले कुणी' हे वाचकाला त्याच्या वर्तमानपत्राने एका ओळीतही सांगितले नाही.

याच काळात भारतीय वृत्तपत्र परिषदेने 'पेड न्यूज'वर दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने ७१ पानांचा अहवाल दिला, त्यात वर्तमानपत्रांची नावे होती. परिषदेने २०१० मध्ये एक छोटा अहवाल स्वीकारला आणि मोठा बाजूला ठेवला. तो लोकांपुढे यायला २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला आदेश द्यावा लागला. दुसऱ्यांकडे रोज माहिती मागणाऱ्यांचीच माहिती दडवली गेली. याला काय म्हणावे?

आणि जाहिरातीच्या मिंधेपणाची किंमत फक्त निवडणुकीत मोजावी लागते असे नाही. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीचे दहा डबे, साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास डब्यांची गाडी येऊ लागली. स्टेशनवर माणसांपेक्षा कॅमेरे जास्त. माझी लेक तेव्हा लातूरला होती. चार-चार, पाच-पाच दिवस नळाला थेंब नाही, आणि टीव्हीवर इंजिनाला हार घातलेला दिसायचा. पाणी आले ही बातमी होतीच. पण पाणी गेले कुठे? दुष्काळी भागात ऊस किती आणि का लावला गेला? हे प्रश्न विचारणारे पत्रकार होते, मी त्यांचे वाचलेले आहे, त्यांना माझा नमस्कार. पण आपल्या तालुक्याच्या पानावर, आपल्या भाषेत, कारखान्याच्या अध्यक्षांना समोर बसवून हा प्रश्न कितींनी विचारला? कसा विचारणार? वाढदिवसाची पुरवणी त्यांचीच असते.

म्हातारा माणूस असे बोलू लागला की लोकांना वाटते, आता 'आमच्या वेळी' सुरू होणार. तेव्हा स्पष्ट सांगतो, आमच्या वेळी सगळे सोन्याचे नव्हते. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, 'मराठवाडा' आम्ही देवाच्या प्रसादासारखा वाचायचो. संध्याकाळच्या एसटीने गठ्ठा यायचा आणि अनंत भालेरावांचा अग्रलेख शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचला जायचा. निजामाविरुद्ध लढलेला माणूस, लेखणीला धार. पण विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर याच वर्तमानपत्राने घेतलेली भूमिका आमच्या दलित सहकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना फार लागली. १९७८ मध्ये मराठवाड्यात जे घडले ते पाहिलेल्या माणसाने जुन्या पत्रकारितेची आरती ओवाळताना जरा थांबायला हवे. मात्र एक फरक होता. भालेरावांशी भांडायचे तर कुणाशी भांडायचे आहे हे ठाऊक होते. शब्दामागे माणूस उभा होता.

आमचा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, म्हणून आणखी एक नाव घेतो. हैदराबादला शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक 'इमरोज' हे उर्दू दैनिक काढायचा. संस्थान भारतात विलीन व्हावे असे तो उघड लिहायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला रात्री रस्त्यात गाठून मारले आणि लिहिणारा हात तोडला. कुणाचा हात तोडायचा हे मारेकऱ्यांना माहीत होते, कारण त्याने नाव लपवले नव्हते. हे वाक्य लिहिताना अंगावर काटा येतो, पण पत्रकारितेची सगळी प्रतिष्ठा त्यातच आहे.

शाळेत असताना मी नववीच्या मुलांना वर्तमानपत्र हातात देऊन एक काम सांगत असे. शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरांत एक ओळ असते ती शोधा. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे, कुठे छापले, कुठून प्रसिद्ध केले. मुलांना ती सापडायला वेळ लागायचा. मग मी सांगायचो की ही या अंकातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. इंग्रजांनी १८६७ मध्ये छापखान्यांचा कायदा केला त्यातली ही सक्ती. त्यांचा हेतू स्वच्छ नव्हता, कुणाला पकडायचे ते कळावे एवढाच होता. २०२३ मध्ये नवा कायदा आला आणि तो जुना कायदा गेला. पण त्या ओळीने नकळत आपल्यावर उपकार केले. छापलेल्या प्रत्येक शब्दाला एक बाप असला पाहिजे, हे तिने शिकवले.

बाप असणे म्हणजे काय, हे पाहायचे तर १८८२ सालचे कोल्हापूर प्रकरण पाहा. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध 'केसरी' आणि 'मराठा' यांनी लिहिले. ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली. आगरकर आणि टिळक यांनी कोर्टात चूक कबूल केली, माफी मागितली. तरीही चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. आगरकरांनी पुढे त्यावर पुस्तकच लिहिले. लक्षात घ्या, ते चुकले होते. फसवले गेले होते. पण 'आमच्याकडे आले तसे आम्ही छापले' असे म्हणून ते सुटले नाहीत. बाहेर आल्यावर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. चुकल्याने वर्तमानपत्राची पत जात नाही, चूक झटकल्याने जाते.

आता आजचे पाहा. तालुक्यात मोबाईल आणि काठीला बांधलेला माईक एवढ्या भांडवलावर वाहिन्या निघाल्या आहेत. काही पोरे खरेच धडपडी आहेत, रस्त्यातला खड्डा असो की दवाखान्यातले रिकामे औषधाचे कपाट, जाऊन दाखवतात. पण कितींच्या तळाशी ती ओळ आहे? तक्रार करायची तर कुणाकडे जायचे? सकाळी टाकलेली बातमी दुपारी गुपचूप पुसली जाते आणि 'आम्ही असे म्हटलेच नव्हते' म्हणायला मोकळे. आणि व्हॉट्सॲपवर तर बापाचे नावच नाही. 'जसे आले तसे पुढे पाठवत आहे' हे आपल्या काळाचे ब्रीदवाक्य झाले आहे.

जसे आले तसे पाठवल्याने काय होते? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. मारणाऱ्यांवर खटला भरता येतो. पण ज्या शेकडो बोटांनी ती अफवा पुढे ढकलली, त्या बोटांची नावे कुठल्या कागदावर आहेत?

आता इथवर वाचून जे मित्र माना डोलावत असतील त्यांना सांगतो, थांबा. आपण ब्लॉगवर लिहिणारे कोण लागून गेलो? वर्तमानपत्रे विकली गेली, आपण मात्र स्वतंत्र, आपल्याला कुणी जाहिरात देत नाही, असा एक सूक्ष्म अहंकार आपल्यात असतो. मलाही होता. तो कसा उतरला ते सांगतो.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत आमच्या नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनाला आलेले सुमारे चार हजार शीख यात्रेकरू अडकून पडले होते. महिनाभराने ते बसने पंजाबात गेले आणि तिथे तपासणीत त्यांच्यापैकी हजाराहून अधिक जण बाधित निघाले. नांदेडमधून नेला की वाटेत लागला, यावर दोन राज्यांत वाद सुरू झाला. त्या आठवड्यात माझ्याकडे एक मजकूर आला. गुरुद्वाऱ्यात रुग्ण दडवून ठेवले होते, असा. मी तो चांगल्या भाषेत, दोन सुभाषितासारखी वाक्ये घालून, इथे लिहून टाकला. टाळ्या पडल्या. 'सर, परखड लिहिलेत' वगैरे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सरदारजी राहतात. चाळीस वर्षांची ओळख, माझ्या पत्नीच्या आजारपणात रात्री दोन वाजता रिक्षा घेऊन आलेला माणूस. टाळेबंदी जरा सैल झाल्यावर ते फाटकाशी आले, आत आले नाहीत. तिथूनच विचारले, "गुरुजी, तुम्ही पाहिलं का? नाही तर कुणी सांगितलं, त्याचं नाव सांगा." मला नाव सांगता येईना. कारण नाव नव्हतेच. एका पुतण्याने पाठवले, त्याला त्याच्या मित्राने, त्याला आणखी कुणी. मी गुरुद्वाऱ्यात एक फोनसुद्धा केला नव्हता. ज्या लंगरात टाळेबंदीत हजारोंना जेवण मिळत होते, त्यांना मी खुर्चीत बसून लबाड ठरवले होते.

मग मी काय केले? लिखाण पुसून टाकले. गुपचूप. म्हणजे वर ज्या पोरांना नावे ठेवली, अगदी तेच. आज हे लिहायला एवढी वर्षे लागली. तेव्हा ज्यांनी ते वाचले त्यांना सांगतो, ते मी लिहिले होते, पुराव्याशिवाय लिहिले होते, आणि ते लिहिणे चूक होते. सरदारजी पुन्हा चहाला येतात, तो त्यांचा मोठेपणा. माझी कबुली राहिली होती, ती आज देतो.

म्हणून मला वाटते, पत्रकार आणि आपण यांच्यासाठी निरनिराळे नियम नाहीत. तीनच प्रश्न आहेत. हे कुणी लिहिले? याचे पैसे कुणी दिले? चुकले तर दुरुस्ती कुठे दिसेल? ज्या मजकुराला या तिन्हींची उत्तरे आहेत ती पत्रकारिता, मग ती रोटरीवर छापलेली असो की माझ्यासारख्या म्हाताऱ्याने एका बोटाने टंकलेली. ज्याला नाहीत ती चहाटळकी, मग तिच्यावर कितीही मोठा मास्टहेड असो. आणि वाचकांनो, तुमचीही सुटका नाही. चार-पाच रुपयांत आठ-बारा पाने रोज हवीत, मोबाईलवर तर फुकट हवे, आणि शिवाय निर्भीडही हवे. मग त्या वार्ताहराच्या पेट्रोलचे पैसे कुणीतरी साहेब देणारच, आणि जो देणार तो लिहूनही घेणार.

सूनबाई, आता पुरवणीचे काय झाले ते. आठ हजार परत मागितले असते तर त्या मुलाचे कमिशन गेले असते. मी त्याला म्हटले, जागा घे, पण छोटी, आणि मजकूर मी देतो. वर 'जाहिरात' असा शब्द, खाली माझे नाव. आत एवढेच की आमच्या शाळेतला मुलींचा रात्रीचा वर्ग अमुक बाईंनी सुरू केला आणि चालवला, त्याचे श्रेय त्यांचे आहे. उरलेले पैसे शाळेच्या ग्रंथालयाला दिले.

कचेरीतून फोन आला की वर 'जाहिरात' कशाला टाकता, बातमीसारखेच लावून देतो की. मी नको म्हटले. गेल्या रविवारी छापून आले आहे. 'जाहिरात' हा शब्द इतक्या बारीक टाइपात आहे की मला भिंग घ्यावे लागले. पण आहे. नातवंडांना दाखवायला कात्रण ठेवले आहे.

यात काही चुकले असेल तर कळवा. पुसणार नाही. याच पानावर, सगळ्यांत वर, दुरुस्ती टाकीन.